लंडनला शिकायला जाताय? पहिल्या दोन महिन्यांतल्या या चुका टाळा

सप्टेंबरमध्ये हीथ्रोवर उतरलेल्या विद्यार्थ्याजवळ दोन बॅगा असतात आणि ढीगभर सल्ले असतात. आधीच्या बॅचच्या ग्रुपवरचे, ओळखीतल्या कुणाचे, कुठल्याशा व्हिडिओतले. बहुतेक प्रेमाने दिलेले असतात, पण त्यातले बरेच शिळे असतात. 'पोचलास की पोस्टातून बीआरपी कार्ड (राहण्याच्या परवान्याचं कार्ड) घे' हा त्यातलाच एक. ते कार्ड आता इतिहासजमा झालंय, व्हिसा ऑनलाइन खात्यात असतो. लंडनमध्ये बरीच वर्षं राहून मला एक गोष्ट पक्की कळली आहे: इथे विद्यार्थ्याला हक्क भरपूर आहेत, पण त्यातला एकही आपणहून चालत येत नाही. अर्ज करावा लागतो, पत्र आणावं लागतं, विचारावं लागतं. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका 'आपोआप होईल' असं समजल्यामुळेच होतात.

व्हिसाच्या खात्याला भारतातला नंबर

ई-व्हिसाचं खातं उघडताना आपण हाताशी असलेला नंबर देतो. दोन महिन्यांनी ते सिम रिचार्जअभावी बंद पडतं आणि खात्यात शिरण्याचा कोड तिकडेच जात राहतो. नेमकी तेव्हाच नोकरी देणारा 'शेअर कोड' मागतो, म्हणजे तुमचा काम करण्याचा हक्क त्याला ऑनलाइन तपासता येईल असा कोड. म्हणून इथला नंबर मिळाला की लगेच खात्यात बदला आणि नेहमी उघडत असलेला ईमेलही द्या. तो शेअर कोड सरकारी साइटवर फुकट, स्वतःच काढायचा असतो. तो ९० दिवस चालतो. नाव, जन्मतारीख, कामाच्या अटी एकदा नीट वाचा. चूक दिसली तर ती कळवण्याची सोय त्याच साइटवर आहे. पासपोर्ट नवा केलात तर तोही खात्याला जोडावा लागतो.

न बघता घेतलेली खोली

माझा जीव सगळ्यात जास्त तुटतो तो या चुकीसाठी, कारण यात आईवडिलांचे पैसे जातात. फसवणुकीची पद्धत ठरलेली आहे. मध्य लंडनमधली सुंदर खोली, भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी, आणि मालक म्हणतो, 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल.' चावी कधीच येत नाही. खोली स्वतः किंवा भरवशाच्या माणसाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका. पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरती सोय करून घर शोधणं महाग वाटतं, पण ते परवडतं. करारात शंका असेल तर विद्यापीठाचं निवास कार्यालय किंवा स्टुडंट्स युनियनचा सल्ला विभाग तो तपासून देतो.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, त्या पहिल्या काही तासांची किंमत फार मोठी असते. ब्रिटिश खात्यातून गेले असतील तर १५९ वर फोन करा, तिथून बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाकडे जोडून देतात. भारतातल्या खात्यातून गेले असतील तर बँकेला कळवा आणि घरच्यांना १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा.

खरं घर मिळाल्यावरही कायदा माहीत असलेला बरा. इंग्लंडमध्ये २०१९ पासून, वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर, डिपॉझिट ५ आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. आठवड्याला २०० पौंड भाडं असेल तर १,००० पौंड, त्यावर नाही. खोली राखून ठेवायला एक आठवड्याचं भाडं मागू शकतात. 'कागदपत्रांची फी', 'एजंटची फी' असलं काही भाडेकरूकडून घेता येत नाही. डिपॉझिट ३० दिवसांच्या आत सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत सुरक्षित ठेवून त्याची माहिती तुम्हाला द्यावी लागते. महिना उलटून गेला आणि ईमेल आला नाही, तर तिन्ही योजनांच्या साइटवर शोधून बघा. कुठेच नाव नसेल तर लेखी विचारा. मालकाने नियम मोडला असेल तर न्यायालय डिपॉझिटच्या एक ते तीनपट भरपाई द्यायला लावू शकतं. मात्र मालक त्याच घरात राहत असेल तर डिपॉझिटचं हे संरक्षण मिळत नाही, आणि हे अनेकांना वाद झाल्यावरच कळतं.

आणि फोटो. माझ्या पहिल्या खोलीत खिडकीखाली काळी बुरशी आधीपासून होती. मी ती पुसली आणि विसरून गेले. घर सोडताना रंगकामाचे पैसे माझ्या डिपॉझिटमधून कापले गेले, आणि ती बुरशी माझ्या आधीची होती हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. बॅगा उघडण्याआधी भिंती, गादी, ओव्हन, बाथरूम यांचे फोटो काढून मालकाला ईमेल करा. हिवाळ्यात बंद खोलीत कपडे वाळत घातले की बुरशी वाढते, त्यामुळे रोज थोडा वेळ तरी खिडकी उघडत जा.

घाबरवणारं कौन्सिल टॅक्सचं पाकीट

काही आठवड्यांनी दारात कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराचं, पाकीट पडतं आणि आकडा बघून पोटात गोळा येतो. कुणी घाबरून भरून टाकतं, कुणी कपाटात ठेवून देतं. दोन्ही चूक. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर हा कर माफ आहे, पण कौन्सिलला ते कळवावं लागतं. विद्यापीठाकडून विद्यार्थी असल्याचं पत्र घ्या आणि आपल्या बरोच्या (लंडनच्या ज्या प्रशासकीय विभागात घर आहे त्याच्या) साइटवर टाका. लंडनमध्ये ३२ बरो आणि शिवाय सिटी ऑफ लंडन आहे. प्रत्येकाची साइट वेगळी, म्हणून आपला पत्ता कुठल्या बरोत येतो ते आधी बघा. घरात विद्यार्थी नसलेला एकच जण असेल तर २५ टक्के सवलतीचं बिल त्याच्या नावावर येतं. ते वाटून घ्यायचं की नाही, हे घर घेण्याआधीच बोलून ठेवा. नंतर यावरून मैत्री तुटते.

वीस तासांचा हिशेब

पदवी किंवा मास्टर्स करणाऱ्यांना सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. 'या आठवड्यात २४, पुढच्या आठवड्यात १६, सरासरी २०' हा हिशेब चालत नाही, पहिल्याच आठवड्यात नियम मोडलेला असतो. दोन ठिकाणी काम करत असाल तर तास एकत्र धरतात, बिनपगारी कामाचेही.

दुसरा गैरसमज उन्हाळ्याचा. पदवीच्या मुलांना तेव्हा सुट्टी असते. मास्टर्सवाल्यांचा प्रबंध चालू असतो, म्हणजे त्यांचं सत्रच चालू असतं. शेजारची मुलगी पूर्णवेळ काम करते म्हणून आपणही करायचं, यात अनेकजण अडकतात. विद्यापीठाने जाहीर केलेल्या सत्राच्या तारखा हाच पुरावा.

तिसरी चूक सगळ्यात धोक्याची: सायकल घेऊन ॲपवरून जेवण पोचवणं. ते काम स्वयंरोजगारात धरलं जातं आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला पूर्ण बंदी आहे, मग तास दोन असोत की वीस. दुसऱ्याचं खातं भाड्याने घेऊन काम करायला सांगणारे भेटतील. ते तुमचे हितचिंतक नाहीत. हातून चूक झालीच असेल तर काम थांबवा आणि पुढचा कुठलाही व्हिसा अर्ज करण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराशी बोला.

डॉक्टर आणि प्रवास

व्हिसाबरोबर सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार भरलेला असतो, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. तरीही 'मला काय होतंय' म्हणून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं राहतं आणि ताप आला की रात्री इमर्जन्सीत तासन्‌तास बसावं लागतं. नोंदणी फुकट आहे. पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नकार देता येत नाही, तसं कुणी म्हटलं तर नम्रपणे पण ठामपणे हे सांगा. तातडीचं आहे पण जिवावरचं नाही, अशा वेळी १११. जिवावरचं असेल तर ९९९.

प्रवासात एकच गोष्ट लक्षात ठेवा: ट्यूबमध्ये (लंडनच्या मेट्रोत) शिरताना जे टॅप केलं तेच बाहेर पडताना. आत जाताना फोन आणि बाहेर येताना कार्ड, असं केलं की यंत्रणेला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दोघांनाही जास्तीत जास्त भाडं लागतं. असं झालं तर टीएफएलच्या, म्हणजे लंडनच्या वाहतूक संस्थेच्या, साइटवर परतावा मागता येतो. बसमध्ये फक्त चढताना टॅप करायचं, रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. स्टुडंट ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डाची ३० टक्के सवलत पासांवर आहे, सुट्या प्रवासावर नाही. सुट्या प्रवासासाठी १६-२५ रेलकार्ड (तरुणांसाठीचं रेल्वे सवलतीचं कार्ड) काढा आणि स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून ऑयस्टरला जोडून घ्या, गर्दीची वेळ सोडून भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. हे कार्डही आपोआप जोडलं जात नाही.

डिसेंबर

डिसेंबरच्या मध्यात लंडनमध्ये चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. लेक्चर संपवून बाहेर पडावं तर रात्र. त्यात प्रत्येक किमतीला मनात रुपयांनी गुणायची सवय लागलेली असते, म्हणून वर्गातल्यांनी कॉफीला बोलावलं तरी 'नको' म्हटलं जातं. हळूहळू खोली, फोन आणि घरच्यांचे कॉल एवढंच जग उरतं. पैसे जपावेत, पण आठवड्यातून एकदा त्या कॉफीला 'हो' म्हणा. दुपारी उजेड असताना अर्धा तास चाला. विद्यापीठातली एकच सोसायटी (विद्यार्थ्यांचं मंडळ) निवडा आणि तिथे निदान तीनदा जा, पहिल्या खेपेला कुणाचंच कुठे जमत नाही.

मन जास्तच खचलं, अभ्यास हातातून सुटतोय असं वाटलं, तर पर्सनल ट्यूटरला, म्हणजे विद्यापीठाने तुमच्यासाठी नेमलेल्या शिक्षकाला, दोन ओळींचा ईमेल करा. विद्यापीठांत समुपदेशन मोफत असतं. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर समॅरिटन्स ही मदत करणारी संस्था, तिचे लोक ११६ १२३ वर चोवीस तास फुकट ऐकून घेतात. आजारपणामुळे किंवा मनःस्थितीमुळे असाइनमेंटला मुदत वाढवून हवी असेल तर तसा अर्ज शेवटच्या तारखेआधी करा. तारीख उलटल्यावर तोच अर्ज मान्य करून घेणं फार अवघड जातं.