जुन्या स्प्रिंगच्या छर्‍याच्या बंदुकीचा जोर कमी झाल्यास

माळ्यावर अनेक वर्षे पडून राहिलेल्या बंदुकीचा छर्रा पुठ्ठ्यातही शिरत नसेल, तर स्प्रिंग बदलण्याची घाई करू नये. जुन्या बनावटीत दोष बहुधा पिस्टनच्या टोकावरील चामडी वायसरचा असतो. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात असे, तसेच हे वाटीच्या आकाराचे वायसर वाळले की त्याची कड आकसते आणि हवा बाजूने निसटते. छर्रा भरलेला नाही याची खात्री करून, नळी बिजागरीवर वाकवून उघडल्यावर दिसणाऱ्या हवेच्या छिद्रात सिलिकॉन तेलाचे चार-पाच थेंब सोडावेत, नळी मिटवून बंदूक दस्ता खाली करून रात्रभर उभी ठेवावी. गंज सोडवण्याचे फवारे किंवा शिलाई मशीनचे तेल तिथे मुळीच घालू नये, कारण दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेट घेते आणि वायसर, स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

तरीही फरक पडला नाही, तरच बंदूक उघडावी. स्प्रिंग विसावलेली असतानाही बरीच दाबलेली असते आणि मागचा खिळा निघताच उसळते, म्हणून स्प्रिंग दाबून धरणाऱ्या लांब शिकंज्याशिवाय हे काम मी कुणालाही करू देणार नाही. सातपूर-अंबडच्या कारखानदारीमुळे नाशिकमध्ये असा शिकंजा करून देणारा लेथवाला सहज सापडतो. छर्रा न भरता चाप ओढून पाहू नये; समोर हवेची गादी न मिळाल्याने पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. पावसाळ्यात मात्र बाहेरून तेलाचा हात महिन्यातून एकदा फिरवावाच.