फास्ट फोटो व्ह्यूअर बनवताय? आधी या चुका टाळा

कुणी नवा फोटो व्ह्यूअर दाखवायला आणला की मी आधी एकच गोष्ट करतो, २४ मेगापिक्सेलच्या काही हजार फोटोंचा फोल्डर उघडतो आणि उजवा ॲरो दाबून धरतो. दहा सेकंदांत सगळं कळतं. एकतर विंडो पांढरी पडते, नाहीतर बोट उचलल्यावरही फोटो आपले पळतच राहतात, नाहीतर रॅम संपून मशीनच अडकतं. आणि बनवणारा दरवेळी म्हणतो की माझ्या फोल्डरवर तर मस्त चालत होतं. त्याच्या फोल्डरमध्ये चाळीस फोटो असतात.

मी स्वतः असा व्ह्यूअर गेली काही वर्षं सांभाळतोय, त्यातल्या बऱ्याच चुका आधी मीच केल्यात, आणि एक तर अशी केली की ती अजून आठवली की वाईट वाटतं. ती पुढे सांगतो.

अख्खा फोटो डिकोड करणं

डिकोड करणं म्हणजे फाइलमध्ये दाबून साठवलेला फोटो पिक्सेलमध्ये उलगडणं. ही चूक जवळपास सगळे करतात. जेपेग फाइल डिस्कवर दहा एमबीची दिसते म्हणून वाटतं दहा एमबीचंच काम आहे. पण ६००० बाय ४००० चा फोटो उघडला की एका पिक्सेलला ४ बाइट धरून ९६ एमबी होतात. आणि तुमची स्क्रीन किती, तर १९२० बाय १०८०. म्हणजे तो फोटो शेवटी १६२० बाय १०८० एवढाच दिसणार आहे, ९६ एमबी तयार करून त्यातलं सात एमबी दाखवायचं आणि बाकीचं फेकायचं, तेही प्रत्येक फोटोला.

जेपेगमध्ये फोटो ८ बाय ८ च्या ब्लॉकमध्ये साठवलेला असतो, त्यामुळे डिकोड करतानाच तो लहान करून घेता येतो, निम्मा, पाव किंवा एक अष्टमांश. लिबजेपेग या जेपेग उलगडणाऱ्या लायब्ररीत ही सोय फार जुनी आहे, तिच्या वेगवान आवृत्तीत, लिबजेपेग-टर्बोमध्ये तर मधल्या पायऱ्याही मिळतात, ३/८, ५/८ वगैरे. वरच्या उदाहरणात ३/८ घेतलं तर २२५० बाय १५०० मिळतं, स्क्रीनला पुरेसं. पण मी तरीही बहुतेक वेळा १/२ घेतो, कारण निम्म्या आणि पाव आकारासाठी त्या लायब्ररीत सिमडी कोड (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करणारा वेगवान कोड) आहे आणि ३/८ साठी नाही, म्हणून मोठा आकार असूनही १/२ लवकर होतो असं माझ्या मशीनवर दिसलं. तुमच्याकडे मोजून बघा, माझं ऐकून ठरवू नका. क्यूटी (ॲप बनवायचं फ्रेमवर्क) वापरत असाल तर इमेज रीडरला वाचण्याच्या आधी स्केल्ड साइज सांगा, आधी पूर्ण वाचून मग स्केल करू नका. ओळी तेवढ्याच लिहाव्या लागतात, फक्त क्रम बदलतो.

एक मात्र समजून घ्या, निम्म्या आकारात डिकोड केलं म्हणून वेळ पाव होत नाही. हफमन डिकोडिंग, म्हणजे दाबलेल्या बिट्समधून आकडे परत काढणं, सगळ्या फाइलचं करावंच लागतं, त्याला सुटका नाही. तरी मेमरी ९६ वरून २४ एमबीवर येते आणि पुढचं सगळंच हलकं होतं. पूर्ण आकाराचा फोटो तेव्हाच डिकोड करायचा जेव्हा माणूस झूम करतो, आणि तोही मागे, आधीचा लहान फोटो ताणून लगेच दाखवायचा आणि पूर्ण तयार झाला की बदलायचा.

पीएनजीला ही सोय नाही, तो अख्खाच उलगडावा लागतो. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कच्चा डेटा) मात्र उलट आहे, बहुतेक कॅमेरे आतच एक तयार जेपेग ठेवतात, ते काढून दाखवा. नुसतं फोटो चाळायला रॉ डेव्हलप करत बसणारे व्ह्यूअर मी पाहिलेत, एका फोटोला दोन सेकंद, आणि लिहिणारा मात्र भाषा बदलायचा विचार करतोय. भाषा बदलून हे सुटत नाही हो. नको ते काम काढून टाकलं की वेग येतो, मग ते सी प्लस प्लसमध्ये असो नाहीतर रस्टमध्ये.

पुढचे फोटो आधीच आणणं, पण थांबवण्याची सोय न करणं

प्रीफेच सगळ्यांना सुचतं. पुढचे पाच, मागचे दोन फोटो आधीच डिकोड करून ठेवायचे म्हणजे ॲरो दाबला की झटकन दिसेल. कल्पना बरोबरच आहे. घोटाळा होतो तो असा की प्रत्येक ॲरोला नवीन कामं रांगेत टाकली जातात आणि जुनी कुणी काढत नाही. ॲरो की दाबून धरली की सेकंदाला तीसेक वेळा ती येते, म्हणजे दहा सेकंदांत तीनशे फोटो पुढे गेलात आणि तुमचे थ्रेड (मागे समांतर चालणारी कामं) अजून बाराव्या फोटोवर घाम गाळतायत.

माझ्या पहिल्या आवृत्तीत हेच होतं. माझी एक मैत्रीण फोटोग्राफर आहे, ती शूटनंतर नको असलेले फोटो उडवायला माझा व्ह्यूअर वापरायची, मलाही छान वाटायचं. एकदा तिच्याकडे आठ हजारांच्या आसपास फोटो होते, तेही बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती ॲरो दाबून धरायची, थांबायची, समोर हललेला फोटो दिसला की डिलीट. आता माझ्या कोडमध्ये काय होतं, ॲरो दाबला की कितवा फोटो चालू आहे तो आकडा लगेच पुढे जायचा आणि चित्र डिकोड झालं की येऊन बसायचं. डिस्क हळू असल्यामुळे चित्र मागे राहायचं. म्हणजे स्क्रीनवर २१४० वा फोटो, आतला आकडा २१४३ वर, आणि डिलीट कुणाला लागू होणार तर आकड्याला. तिने हललेला फोटो बघून डिलीट दाबलं आणि तीन फोटो पुढचा चांगला फोटो गेला. असे सात गेले. तिला कळलं ते दुसऱ्या दिवशी, जेव्हा निवडलेले फोटो जुळेनात. आणि मी फाइल कचरापेटीत न टाकता थेट पुसत होतो, कारण ते एका ओळीत होतं आणि कचरापेटीसाठी प्रत्येक सिस्टिमला वेगळा कोड लागतो, तो कंटाळा मी केला होता. कॅमेऱ्याच्या कार्डवर अजून सगळं होतं म्हणून ते फोटो परत मिळाले. कार्ड आधीच फॉरमॅट झालं असतं तर ते काम कायमचं गेलं असतं, माझ्या आळसामुळे.

त्यानंतर मी तीन गोष्टी पक्क्या केल्या आणि त्या मी आता कुठल्याही घाईत सोडत नाही. पहिली, डिलीट, रोटेट, रेटिंग, जे काही फाइलला लागू होतं ते फक्त स्क्रीनवर आत्ता दिसत असलेल्या फोटोच्या पाथला, म्हणजे फाइलच्या पूर्ण पत्त्याला, लागू होतं, आकड्याला नाही. जे चित्र काढलं त्याच्यासोबतच त्याचा पाथ ठेवायचा, दोन्ही एकाच वेळी बदलायचे. आणि पुढचा फोटो यायचा बाकी असेल तर डिलीट घ्यायचंच नाही. दुसरी, प्रत्येक मागणीला एक चढता क्रमांक द्यायचा, डिकोड होऊन आलेल्या चित्राचा क्रमांक जुना असेल तर ते स्क्रीनवर जाऊ द्यायचं नाही. तिसरी, कचरापेटी. थेट पुसणं हा पर्याय मी देतच नाही, लोक मागतात, तरी देत नाही.

थांबवण्याबद्दल एक बारीक गोष्ट. लिबजेपेग-टर्बोसोबत टर्बोजेपेग नावाचा जो सोपा एपीआय (लायब्ररीला काम सांगायची पद्धत) येतो तो एका कॉलमध्ये अख्खा फोटो उलगडतो, मधेच थांब म्हणता येत नाही. जुन्या पद्धतीच्या एपीआयमध्ये ओळी-ओळीने वाचता येतं, मी दर काही ओळींनंतर 'अजून हवाय का' हा फ्लॅग बघतो आणि नको असेल तर तिथेच सोडून देतो. कोड चार ओळींऐवजी चाळीस ओळींचा होतो. होऊ द्या.

आणि रांग ही रांग ठेवूच नका. मी शेवटी आलेली मागणी आधी घेतो आणि आत्ताच्या फोटोपासून लांब गेलेल्या सगळ्या मागण्या काढून टाकतो. ॲरो की दाबून धरलेली असेल तर प्रीफेच पूर्ण बंद, तेव्हा फक्त एक्झिफमधला (कॅमेरा फाइलमध्ये लिहितो ती माहिती) छोटा थंबनेल दाखवतो, बोट उचललं की खरा फोटो.

कॅशे फोटोंच्या संख्येवर मोजणं

कॅशे म्हणजे डिकोड झालेले फोटो परत लागतील म्हणून रॅममध्ये धरून ठेवायची जागा, आणि बरेच जण तिला सांगतात, 'शेवटचे ५० फोटो ठेव.' बारा मेगापिक्सेलच्या फोनच्या फोटोंवर टेस्ट केलं, चाललं. मग कुणीतरी २४ मेगापिक्सेलवाला फोल्डर उघडतो, पूर्ण आकारात ५० गुणिले ९६ म्हणजे ४.८ जीबी. कॅशे बाइटमध्ये मोजा, मर्यादा ठरवा, ओलांडली की सगळ्यात जुना काढा. याच्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही, फक्त करा.

गरम कॅशेवर वेग मोजणं

हे मला फार खटकतं. तोच फोल्डर दिवसभर उघडून बघायचा आणि म्हणायचं एक फोटो २० मिलिसेकंदात येतो. अहो, त्या फाइल्स ऑपरेटिंग सिस्टिमने कधीच्या रॅममध्ये ठेवल्यात, तुम्ही डिस्क मोजतच नाही आहात. वापरणारा माणूस फोल्डर पहिल्यांदाच उघडतो. लिनक्सवर पेज कॅशे रिकामा करायची कमांड आहे, बाकीकडे मी मशीन रीस्टार्ट करतो किंवा बाहेरची डिस्क नीट इजेक्ट करून परत लावतो. वेळखाऊ आहे, पण ज्यांना एवढाही धीर नाही त्यांनी 'फास्ट' हा शब्द नावात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डीबग बिल्डवर (चुका शोधायला बनवलेल्या हळू आवृत्तीवर) मोजू नका हेही त्यातच आलं.

मोजताना एकच आकडा काढू नका. फाइल वाचायला किती, डिकोडला किती, टेक्स्चर (तयार चित्र) जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर, चढवायला किती, असे तीन वेगळे आकडे मी स्क्रीनच्या कोपऱ्यात कायम दाखवतो. बहुतेक लोक डिकोड हळू आहे असं धरून महिनाभर त्यावर घालवतात आणि वेळ जात असतो डिस्कवर.

डिस्कवरून आठवलं, आठ कोअर आहेत म्हणून आठ थ्रेडनी एकदम फाइली वाचायला लावू नका. एसएसडीला चालतं, पण फिरत्या हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे पळत राहतं आणि सगळंच एका थ्रेडपेक्षा हळू होतं. मी वाचायला एकच थ्रेड ठेवतो, डिकोडला बाकीचे.

फोल्डर आधी, फोटो नंतर

माणसाने एका फोटोवर डबल क्लिक केलंय. त्याला तो फोटो हवाय. आणि आपण काय करतो, आधी दहा हजार नावांची यादी करतो, प्रत्येकाची तारीख आणि साइज विचारतो, सॉर्ट करतो, आणि मग फोटो. नेटवर्क ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची चौकशी म्हणजे एक फेरी, फोल्डर मोठा असेल तर नुसत्या यादीला मिनिट जातं. आधी तो फोटो दाखवा, यादी मागे दुसऱ्या थ्रेडवर. विंडोजवर यादी करतानाच साइज आणि तारीख सोबत मिळते, ती घ्या, परत विचारू नका. लिनक्सवर नावंच मिळतात, तेव्हा नावाने सॉर्ट असेल तर बाकी काही विचारूच नका.

सॉर्टवरून, साधा स्ट्रिंग सॉर्ट लावला की १० नंबरचा फोटो २ च्या आधी येतो. आकडे आकड्यांसारखे तुलना करा.

थंबनेल आणि फिरवलेले फोटो

एक्झिफमध्ये बहुतेक वेळा १६० बाय १२० चा तयार थंबनेल असतो, आणि तो फाइलच्या सुरुवातीच्या ६४ केबीच्या भागातच बसवलेला असतो, म्हणून फाइलचा सुरुवातीचा तुकडा वाचला की झालं. पण डोळे झाकून विश्वास नको. फोटो ३:२ चा आणि थंबनेल ४:३ चा असल्याने वरखाली काळ्या पट्ट्या येतात, त्या कापाव्या लागतात. आणि काही एडिटर फोटो क्रॉप करतात पण आतला थंबनेल जुनाच ठेवतात, म्हणून तो मी फक्त तात्पुरता दाखवतो, कायमच्या कॅशेत घालत नाही.

ओरिएंटेशनच्या, म्हणजे फोटो कसा फिरवून दाखवायचा ते सांगणाऱ्या एक्झिफमधल्या नोंदीच्या, आठ किमती असतात, चार नव्हे, त्यातल्या चार आरशातल्यासारख्या उलट्या असतात. क्यूटीचा इमेज रीडर ते आपोआप लावत नाही, सांगावं लागतं. फोटो आडवा येतोय किंवा उभा फोटो विंडोत भलताच लहान बसतोय अशी तक्रार आली तर समजा की फिरवण्याआधीची रुंदी-उंची घेऊन हिशोब केलाय.

आता बाकीच्या, पटापट.

पॅनोरामा उघडला की काळी स्क्रीन? जीपीयूच्या टेक्स्चरला मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी १६३८४, जुन्यांवर ८१९२. तुकडे करा.

क्यूटी ६ वर मोठा फोटो रिकामाच येतो? तिथे मेमरीची एक मर्यादा आधीच लावलेली असते, ती वाढवा. काढून मात्र टाकू नका, काही केबीची पीएनजी फाइल उघडल्यावर कित्येक जीबी मागू शकते.

रुंदी गुणिले उंची गुणिले ४ हे ३२ बिटच्या साध्या इंटिजरमध्ये ठेवू नका. ३०००० बाय २०००० ला २४० कोटी होतात, इंटिजर २१४ कोटींवरच संपतो.

लहान केलेल्या फोटोत बारीक रेघा चमचमतात? निम्म्याहून लहान करताना नुसता बायलिनिअर (शेजारच्या चार पिक्सेलची सरासरी) पुरत नाही, मिपमॅप (आधीच टप्प्याटप्प्याने लहान करून ठेवलेल्या प्रती) लावा.

रंग फिके किंवा भडक दिसतात? फाइलमधला आयसीसी प्रोफाइल (रंगांचे आकडे कसे समजायचे ते सांगणारी नोंद) तुम्ही बघतच नाही आहात. आयफोन २०१६ पासून पी३ या नेहमीपेक्षा जास्त रंग मावणाऱ्या पद्धतीत फोटो काढतोय, तेव्हा हे नंतर बघू म्हणण्याचे दिवस गेले.

आणि अर्धवट फाइली. कार्डवरून फोटो कॉपी होत असतानाच लोक फोल्डर उघडतात, फोल्डरवर नजर ठेवणारा तुमचा कोड 'नवीन फाइल आली' म्हणून लगेच उचलतो आणि फोटोचा खालचा भाग करडा येतो. मी साइज थोडा वेळ स्थिर राहिल्याशिवाय फाइलला हात लावत नाही, आणि डिकोड एकदा फसलं म्हणून तो फोटो खराब अशी नोंद कधीच कायम करत नाही, फाइलची वेळ किंवा साइज बदलली की ती नोंद पुसून परत उघडून बघतो.