फुकेतला निघताना: पासपोर्ट आपल्याच खिशात राहावा यासाठीची तयारी

सनस्क्रीन, टोपी, रबरी चपला घरी राहिल्या तरी बिघडत नाही; थायलंडच्या फुकेत बेटावरच्या पातोंग या गजबजलेल्या किनाऱ्याच्या कुठल्याही कोपऱ्यावर त्या मध्यरात्रीही मिळतात. यादी सुरू करायची ती तिथे न मिळणाऱ्या गोष्टींपासून. फुकेतमध्ये पर्यटकाला टोपी घालण्याचे प्रकार डझनभर असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात: तुमचा पासपोर्ट समोरच्याच्या खणात पडलेला असतो, नाहीतर भाव आधी पक्का झालेला नसतो. खालची जवळजवळ सगळी तयारी या दोन गोष्टींसाठीच आहे.

पहिलं काम घरबसल्या होतं. १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला डिजिटल आगमनपत्र, म्हणजे टीडीएसी, भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. इथेच पहिला फटका बसतो: गुगलवर शोधलं की वर जाहिरातीत सरकारी वाटणाऱ्या साइट येतात आणि ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून डॉलरमध्ये पैसे कापतात. खऱ्या सरकारी साइटचा पत्ता ‘गो डॉट टीएच’ने संपतो. तेवढं पाहून फॉर्म उघडा. कार्डाचा नंबर मागितला की लगेच बंद करा. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मेव्हण्याच्या सांगण्यावर न जाता थाई दूतावासाच्या साइटवर ताजं काय आहे ते बघा.

स्कूटर चालवायची असेल, तर निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. अर्ज परिवहनच्या सारथी पोर्टलवर होतो, शुल्क साधारण १००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. हातात आला की त्यातलं ‘ए’ गटाचं पान बघा. दुचाकीचा शिक्का तिथे असतो. आपल्या मूळ लायसन्सवर फक्त चारचाकी असेल तर तो शिक्का पडणार नाही. मग तिथली स्कूटर कितीही स्वस्त असली, तरी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विनापरवाना. खरा धोका दंडाचा नाही, प्रवास विम्याचा आहे: वैध परवाना नसताना झालेल्या अपघाताचा खर्च बहुतेक विमा कंपन्या देत नाहीत, आणि फुकेतच्या खासगी रुग्णालयात हाड जोडून घेणं स्वस्त नाही. पॉलिसीतलं दुचाकीचं कलम विमानात बसण्याआधी वाचा.

पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या आणि प्रवेशाच्या शिक्क्याच्या रंगीत छायाप्रती ठेवा. शिक्का उतरल्यावरच मिळतो, म्हणून ती प्रत हॉटेलात पोहोचल्यावर काढा. पासपोर्ट दाखवायच्या जागा मोजक्या: विमानतळ, हॉटेलचं काउंटर, सिमकार्डाचं दुकान, चलन बदलण्याची खिडकी. या सगळीकडे तो तुमच्यासमोर बघून परत देतात. त्यापलीकडे कुणी ‘ठेवून जा’ म्हणालं, तर व्यवहार तिथेच थांबवा. कायद्याने पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तुम्ही तो गहाण टाकू शकत नाही. आणि तो गेला तर पोलिसांचा दाखला घेऊन बँकॉकच्या दूतावासात जावं लागतं. हे स्कूटर किंवा जेट स्की भाड्याने देणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच त्याला रोख अनामत नको असते.

पैशांचं थोडक्यात. तिथलं चलन बाट; एक बाट म्हणजे हिशेबाला अडीच ते तीन रुपये धरा. एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून थोडं जास्त कापतं, म्हणून दोन-दोन हजार चार वेळा काढू नका. मशीन पडद्यावर रुपयांत रक्कम दाखवून ‘विथ कन्व्हर्जन’ की ‘विदाउट’ असं विचारतं, तेव्हा ‘विदाउट’ दाबा. दुसऱ्या बटणात मशीनवाल्या बँकेचा महागडा दर लपलेला असतो. दुकानातलं कार्ड-यंत्र विचारेल तेव्हाही बाटच निवडा. ओटीपी यायला भारतातला नंबर रोमिंगवर चालू ठेवा. टॅक्सीत किंवा बारमध्ये १००० ची नोट देताना आकडा मोठ्याने म्हणा. ५०० ची दिलीत असं ऐकून घेण्याची पाळी येत नाही. आणि गळ्यातली सोन्याची चेन मुंबईतच ठेवून जा. पातोंगच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर रात्री उशिरा लाडीगोडीने गळ्यात पडणाऱ्या टोळक्यांना ती लांबूनच दिसते.

विमानतळ बेटाच्या उत्तर टोकाला आहे आणि पातोंग तिथून पस्तीसेक किलोमीटर, म्हणजे पाऊण ते एक तास. बाहेर पडताच ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत जो बॅगेला हात घालतो, त्याचा भाव ठरलेला नसतो. त्याआधी विमानतळाच्या वायफायवर ग्रॅब किंवा बोल्ट हे टॅक्सीचं अ‍ॅप उघडून तिथला आकडा बघा. गाडी त्यातून बोलवा किंवा नका बोलवू, घासाघिशीला आधार मिळतो. पश्चिम किनाऱ्याने जाणारी स्मार्ट बस साधारण १०० बाटमध्ये पातोंग, करोन, काताकडे सोडते. हातात मोठ्या बॅगा नसतील तर हीच घ्या. सामायिक मिनीव्हॅन स्वस्त असते, पण वाटेत एका ट्रॅव्हल ऑफिसपाशी थांबते आणि हॉटेलचं नाव ‘लिहून घ्यायला’ म्हणून आत नेऊन सहली विकते. हॉटेलचं नाव खिडकीतूनच सांगा, खाली उतरू नका. फुकेतचा टुकटुक म्हणजे आपली रिक्षा नव्हे. ती लाल चौचाकी छोटी गाडी असते, मीटर नसतो, आणि ‘टू हंड्रेड’ हा आकडा गाडीचा की माणशी, एकेरी की जाऊन-येऊन, हे बसण्याआधी विचारायचं असतं.

आता जेट स्कीबद्दल, म्हणजे पाण्यावरच्या स्कूटरबद्दल. आमचं स्पष्ट मत: पातोंगच्या वाळूवरून ती घेऊच नका. अर्ध्या तासाचे दीड-दोन हजार बाट ही निव्वळ सुरुवात असते. परत आल्यावर मालक यंत्र वाळूवर ओढतो, खालून हात फिरवतो आणि तळावर हाताला लागलेला ओरखडा दाखवतो. मागणी तीस हजारांपासून सुरू होऊन लाखाच्या घरात जाते, आणि तोवर आजूबाजूला चार-पाच जण जमलेले असतात. ओरखडा जुनाच असतो. भाड्याने देताना यंत्र कडेच्या पाण्यात तरंगत ठेवलेलं असतं, म्हणून तळ तुम्हाला दिसतच नाही. कधी जुन्या चिरेवर पाण्यात निघून जाणारा रंग मारलेला असतो. तरीही घ्यायचीच असेल, तर यंत्र वाळूवर ओढायला लावा, तळाशी ओला हात घासून पाहा, आणि पुढचं टोक, दोन्ही कडा, मागचा भाग असा दोन मिनिटांचा सलग व्हिडिओ काढा. त्यात मालकाचा आवाज आणि यंत्राचा नंबर येऊ द्या. विमा आहे म्हणत असेल तर कागद मागा. यावर तो चिडला, तर उत्तर मिळालंच.

पैसे मागितले गेल्यावर काय करायचं, हेही आधीच ठरवा, कारण त्या वेळी सुचत नाही. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, चोवीस तास चालू, इंग्रजीत बोलता येतं. तो मोबाइलमध्ये घालून ठेवा आणि सगळ्यांसमोर तिथूनच लावा. ‘चला, एटीएमपाशी बोलू’ म्हटलं तर किनारा सोडू नका, कशावरही सही करू नका. पासपोर्ट खिशात असेल तर समोरच्याचं निम्मं बळ तिथेच संपतं.

स्कूटरचं तंत्र याच घराण्यातलं. १२५ सीसीचं भाडं दिवसाला २०० ते ३०० बाट. अनामत म्हणून तीन ते पाच हजार रोख आणि पासपोर्टची प्रत यावर देणारं दुकान मिळतं. दोन-चार गल्ल्या फिरावं लागतं एवढंच. व्हिडिओ इथेही काढा आणि आरशांचे टोक, ब्रेकचे दांडे, सायलेन्सर, सीटखालचं प्लास्टिक घ्यायला विसरू नका, कारण भांडण नेमकं तिथून निघतं. दुसरा प्रकार जास्त हुशारीचा आहे: दुकानाकडे दुसरी किल्ली असतेच, आणि रात्री हॉटेलबाहेरून गाडी ‘चोरीला’ जाते. म्हणून पत्ता विचारला तर शेजारच्या हॉटेलचं नाव सांगा, आणि चाकाच्या ब्रेक-डिस्कला घालायचं स्वतःचं कुलूप बरोबर न्या. गाडीसोबतचा सक्तीचा विमा माणसाच्या इजेपुरता असतो, गाडीच्या नुकसानीचा नाही. तिथेही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला सोपं वाटतं, पण पातोंगमधून बाहेर पडणारा घाट उभ्या चढाचा आहे आणि पाऊस पडला की घसरडा होतो. हेल्मेट किंवा परवाना नसल्याबद्दल पोलिसांनी अडवून दंड केला, तर ती फसवणूक नव्हे. पावती मात्र मागून घ्या.

बोटीची सहल फुटपाथवरच्या टेबलावर घेताना तारीख बघा. फी फी बेटांमधली माया बे ही खाडी दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर बंद असते, तर सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. या काळातही फलकावर तेच फोटो असतात, आणि बोट माया बेच्या तोंडाशी पाण्यात उभी करून ‘बघा’ म्हणतात. राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क भाड्यात धरलंय का, ते पावतीवर लिहून घ्या. हे शुल्क परदेशी माणसाला थाई माणसापेक्षा जास्त असतं, फी फीला प्रौढाला ४०० बाट. तो सरकारी दर आहे, त्यावर वाद घालून उपयोग नाही.

मासळीच्या फलकावरचा आकडा बहुतेकदा १०० ग्रॅमचा असतो. बर्फावरचा लॉबस्टर ‘दोनशे पन्नास’ वाचून बसलात आणि तो ८०० ग्रॅम भरला, तर बिल दोन हजारांचं. वजन डोळ्यांसमोर, पाणी निथळल्यावर करायला लावा आणि शिजवण्यासह एकूण आकडा कागदावर घ्या. पातोंगच्या बान्झान बाजारात खाली मासळी घेऊन वर शिजवून घेता येते. दादरला किंवा मालवणला कोळणीशी भाव केलेल्याला तिथे घरच्यासारखं वाटेल.

बांगला रोड या पातोंगच्या बारच्या रस्त्यावर जाताना त्या रात्रीपुरतीच रोख न्या, कार्ड हॉटेलच्या तिजोरीत. प्लास्टिकचं मेनूकार्ड नाचवत ‘शो फुकट, बिअर शंभर’ म्हणणाऱ्याच्या मागे वरच्या मजल्यावर गेलात, तर खाली येताना बिल हजारांत असतं आणि दारात माणूस उभा असतो. साध्या बारमध्ये प्रत्येक मागवणीची चिठ्ठी गुंडाळून तुमच्यासमोरच्या छोट्या पेल्यात ठेवतात. प्रत्येक फेरीला ती उघडून वाचा. शेवटी ‘चेक बिन’, म्हणजे ‘बिल द्या’, म्हटल्यावर बेरजेत कुणाकुणाचे पेले आलेत ते शोधणं अवघड जातं. काउंटरवर टांगलेली घंटा मौजेने वाजवू नका. ती वाजवणारा त्या वेळी बारमध्ये असलेल्या सगळ्यांना पाजतो, असा तिथला रिवाज आहे. रस्त्यात कुणी मोठ्या डोळ्यांचा स्लो लोरिस किंवा घोरपडीसारखा सरडा खांद्यावर ठेवला, तर फोटोआधीच बाजूला व्हा. लोरिस तर संरक्षित प्राणी आहे.

‘नमस्ते भाई, मुंबई से?’ म्हणणारे शिंपी आणि हॉटेलांचे दलाल बहुधा हिंदी उत्तम बोलतात. हसून पुढे चालत राहा. खरवडायचं कार्ड देऊन ‘बक्षीस लागलं’ म्हणणारा तुम्हाला टाइमशेअरच्या, म्हणजे रिसॉर्टमधले ठरावीक दिवस आगाऊ विकण्याच्या, दीड-दोन तासांच्या भाषणाला नेतो. ‘आजच सरकारी सूट’ असलेल्या रत्नांच्या दुकानात टुकटुकवाल्याला कमिशन मिळतं, आणि ते खडे झवेरी बाजारात त्या भावाला कुणी घेत नाही.

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तिथे विकत मिळत असला तरी बेकायदा आहे आणि अडवलेल्याकडून तडजोडीचे पैसे उकळायला तेवढं पुरतं. किनाऱ्यावर सिगारेट ओढण्यावर बंदी आहे, दंड एक लाख बाटपर्यंत जाऊ शकतो. गांजाच्या पानाचं चित्र असलेली चॉकलेटं आणि गमी भारतात आणू नका. विमानतळावर तो थेट अमली पदार्थांचा गुन्हा.

शेवटची नोंद स्कूटरची. ती विमानाच्या दिवशी सकाळी परत करायला जाऊ नका. तुम्हाला निघायची घाई आहे हे दुकानदार बॅगा पाहूनच ओळखतो आणि नेमका तेव्हाच ओरखडा सापडतो. आदल्या दिवशी दुपारी, उजेडात, पेट्रोल घेतलं होतं तेवढं भरून आणि पहिला व्हिडिओ मोबाइलवर उघडा ठेवून जा. अनामत मोजून हातात आल्यावरच किल्ली द्या.