पिकअपचं खरं एव्हरेज कसं काढायचं: कागदावर १७, कापसात ११

गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या पोरानं लिटरला १७ किलोमीटर सांगितलं होतं. कोणत्या कंपनीची ते सोडा, सगळ्याच कंपन्यांचे आकडे थोडेफार असेच असतात. मी आपला भोळ्या मनानं १७ धरून भाडं लावलं आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वाहिला. संक्रांतीनंतर पंपावरची उधारी पाहिली तर डोळेच पांढरे. घरची म्हणे, "गाडी तुमची हाय का पंपवाल्याची? राबता तुमी आन् पैसे त्याले." त्या दिवसापासून डायरी ठेवायला लागलो, आता तिसरी डायरी चालू आहे, आणि त्यातून जे समजलं ते इथं लिहितो. ज्याची पिकअप आहे आणि जो खेपेवर भाडं घेतो त्याच्या कामाचं आहे.

आधी १७ कुठून येते ते समजून घ्या, कारण तो आकडा खोटा नाई, फक्त आपल्या रस्त्यावरचा नाई. पुण्याच्या एआरएआयमधे किंवा तसल्याच सरकारमान्य संस्थेत टेस्ट होते. गाडी जागेवरच उभी, चाकं रोलरवर फिरतात, समोर पडद्यावर जशी रेघ येईल तसा ड्रायव्हर स्पीड कमी जास्त करतो. हे सगळं ११८० सेकंदाचं, म्हणजे वीस मिनिटाच्या आत खेळ खलास, त्यात अंतर धरतात साडेदहा किलोमीटरच्या आसपास. जास्तीत जास्त स्पीड ९०, तोही शेवटी थोडाच वेळ, बाकी सगळं हळूहळू आणि मधेमधे उभं. एसी बंद. खोलीचं टेम्परेचर २० ते ३० डिग्री, आपल्याकडे एवढं मे महिन्यात पहाटे तीनलाही नसते. आणि मेन गोष्ट म्हणजे वजन: रिकामी गाडी अधिक दीडशे किलो. दीडशे किलो म्हणजे ड्रायव्हर, क्लीनर आणि त्याईचे डबे. आता सांगा, पिकअप काय डबे न्यायला घेतली का आपण?

ही पद्धत युरोपच्या जुन्या टेस्टवरून घेतलेली आहे, तिथं वरची स्पीड १२० होती, आपल्याकडे ९० केली. त्यांनी २०१७ पासून ती सोडून नवीन कडक टेस्ट सुरू केली कारण रस्त्यावरच्या आकड्याशी मेळच बसत नव्हता. अमेरिकेत तर पिकअप म्हणजे घरोघरी, तिथं २००८ च्या मॉडेलपासून एसी, थंडी आणि जास्त स्पीड पकडून आकडा खाली आणतात, शहराचा वेगळा आणि हायवेचा वेगळा देतात, तरी लोक कुरकुरतातच. आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे ८५०० पाउंडाच्या वरच्या, म्हणजे मालासकट ३८५६ किलोच्या वर पास असलेल्या मोठ्या पिकअपवर एव्हरेजचं स्टिकरच लागत नाई. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त डिझेल लागते त्याच्याच कागदावर आकडा नाई, वा रे वा.

तर आपला आकडा आपणच काढायचा. पद्धत सगळ्याला माहीत आहे, टाकी फुल करा, चालवा, परत फुल करा, किलोमीटर भागिले लिटर. पण करतांना लोक चुकतात कुठं ते सांगतो. पहिली चूक, "हजाराचं टाक" म्हणतात. हजाराच्या हिशोबात टाकी कुठपर्यंत भरली ते समजतच नाई. दोन्ही टाइम फुलच करायची, त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, गाडी त्याच बाजूनं उभी करून, कारण जमिनीला जराक उतार असला तरी लिटरभर इकडचं तिकडं होते. नोझल पहिल्यांदा टक् करून बंद पडलं की थांबायचं. डिझेलला फेस येते, तो बसला की अजून मावते, मग एखाद्या वेळी वरून कोंबलं आणि एखाद्या वेळी नाई कोंबलं तर हिशोबाची वाट लागली. दुसरी चूक म्हणजे ८० किलोमीटर चालवून एव्हरेज काढणे. लिटरभर फरक पडला आणि डिझेल १० लिटरच बसलं असेल तर १० टक्के चूक झाली, तेच ४० लिटर बसलं असेल तर अडीच टक्के. म्हणून टाकी बऱ्यापैकी खाली होऊ द्या, निदान तीन टाक्यांचा हिशोब करा, मगच बोला.

पंपाच्या मापावर डाउट असला तर भांडू नका, पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. प्रत्येक पंपावर ते ठेवावंच लागते आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागते. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालते, त्याच्यावर नाई. मी एकदा मागितलं, पोरगं आत गेलं ते दहा मिनिटं आलंच नाई, पण माप बरोबर निघालं आणि मलाच लाजल्यासारखं झालं.

किलोमीटरचा काटाही तपासा. हायवेच्या किलोमीटरच्या दगडावरून वीस किलोमीटर मोजा, समृद्धीवर तर हे लय सोपं आहे. टायर घासले की चाक लहान होते, तेवढ्याच अंतराला जास्त फेरे मारते आणि काटा जास्त किलोमीटर दाखवते. जुन्या टायरवर दीड-दोन टक्के फुकटचं एव्हरेज दिसते बरं का, आणि नवीन टायर टाकल्यावर लोक म्हणतात एव्हरेज पडलं. गाडी तीच असते, मोजणं बदललेलं असते.

आता खरी गोष्ट. पिकअपचं एक एव्हरेज नसतेच. माझ्या डायरीत चार रकाने आहेत: रिकामी, वजनाचा माल, फुगलेला माल, आणि पांदण. सोयाबीनचे ६० किलोचे २५ कट्टे, म्हणजे १५ क्विंटल, दारव्हा ते यवतमाळ ५०-५५ च्या स्पीडनं नेले तर साडेबारा पडते. रिकामी त्याच स्पीडनं १६. आणि कापूस? जाळी लावून वरपर्यंत दाबून भरला तरी ११ क्विंटलच बसते, सोयाबीनपेक्षा चार क्विंटल कमी, आणि एव्हरेज ११! पहिल्यांदा मला वाटलं लिहायला चुकलो. तीनदा काढलं, तेच.

कारण हवा. वजनाचा त्रास टायरला आणि चढावर होते, पण कापसाची गाडी म्हणजे रस्त्यावरून भिंत ढकलत नेल्यासारखं आहे, कॅबिनच्या वर चार फूट आणि दोन्ही अंगानं फुगलेली. हवेचा जोर स्पीडच्या वर्गानं वाढते, म्हणजे ६० वरून ८० वर गेलं की स्पीड वाढली तिसरा हिस्सा पण हवेचा धक्का झाला पावणेदोन पटीच्या वर. मी कापूस ७० नं नेत होतो कारण "हलकी तर आहे गाडी", तिथंच गंडलो. ५५ नं नेऊन पाहिला तर साडेबाराच्या जवळ गेलं. कुटाराचंही, म्हणजे भुसकटाचंही तसंच, त्याला तर वजनच नाई, नुसती हवा अडवते. ताडपत्री ढिली असून फडफडत असेल तर अजून खाते, दोरी दोन जागी जास्तीची मारा. संत्र्याचे क्रेट कॅबिनच्या लेव्हलमधे बसतात म्हणून वरूड-मोर्शीकडचे गाडीवाले एव्हरेजची एवढी बोंब मारत नाईत.

कापसाचा सीझन संपला की जाळी काढून गोठ्यावर टाका. लोकं वर्षभर लावून फिरतात, रिकामी गाडीसुद्धा हवा चाळत जाते. आणि मागचा फाळका खाली सोडला की हवा पास होऊन एव्हरेज वाढते असं जे सांगतात ते मी महिनाभर करून पाहिलं, डायरीत काईच फरक नाई. उलट मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या गुडघ्याले लागते.

समृद्धीचं वेगळं सांगतो. ७०१ किलोमीटरचा गुळगुळीत रस्ता, कारंजा लाडला चढलं की पाय आपोआप दाबला जाते. रिकाम्या गाडीनं ९० धरली तर माझं साडेबारा आलं, ६५ नं साडेपंधरा. म्हणजे ९० नं रिकामी आणि ५५ नं सोयाबीन भरून, डिझेल सारखंच! वरून टोल. अकोला-अमरावती रोडचं ७५ किलोमीटर डांबर २०२२ मधे १०५ तास ३३ मिनिटात, म्हणजे पाच दिवसाच्या आत टाकून गिनीजमधे नाव गेलं होतं, चांगला रस्ता आहे, पण चांगला रस्ता डिझेल वाचवते तेव्हाच जेव्हा तुमी त्याच्यावर घाई करत नाई.

एव्हरेज अचानक पडलं तर काय पाहायचं. माझ्यासोबत मागच्या पावसाळ्यात झालं, रिकामीचं १६ होतं ते एकदम १३ वर आलं. आधी डिझेलवर संशय, मग पंप बदलला, तरी तेच. चार दिवस आधी एका मेकॅनिककडून ब्रेक करून घेतले होते, नाव नाई घेत. दिग्रसच्या अलीकडे चहाला थांबलो आणि सहज एकेका चाकाच्या ड्रमजवळ हात नेला. तीन चाकं कोमट. मागचं डावं पोळीच्या तव्यासारखं, हात लावायची सोयच नाई, बाटलीतलं पाणी दोन थेंब टाकलं तर चर्र झालं. ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. शंभर किलोमीटर आपण एक्सलेटर दाबतो आणि मागून एक चाक ब्रेक दाबून बसलेलं आहे, मंग काय होईल? डायरी नसती तर लायनर जळेपर्यंत पत्ता लागला नसता. तेव्हापासून दर आठवड्याला दहा-पंधरा किलोमीटर सरळ चालवून हळूच थांबायचं आणि चारही चाकाला हात दाखवायचा. थेट लावू नका, जवळ नेऊन आधी अंदाज घ्या.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असतांना. दरवाज्याच्या कडेला स्टिकर असते त्यावर रिकामीची आणि भरलेलीची वेगळी दिलेली असेल तर तीच पाळा. उन्हाळ्यात दुपारी चेक केली तर हवा जास्त दाखवतेच, म्हणून पंक्चरवाला काढून देते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर माल भरता तुमी. असं करू नका. एअर फिल्टर सोयाबीन काढणीच्या दिवसात लवकर लवकर पाहा. पावसात वावरातून निघाल्यावर काळी माती टायरला आणि मडगार्डमधे किलोकिलोनं बसते, ती सडकेला लागायच्या आधी खुरप्यानं काढा.

बीएस-६ गाड्यावाल्यांसाठी, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या: सायलेन्सरमधे डीपीएफ, म्हणजे धुराची काजळी अडवणारा फिल्टर असते, त्यात काजळी साचते आणि ती जाळायला गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल टाकते. गाव ते तालुका पाच-सात किलोमीटरच्याच चकरा मारल्या तर सायलेन्सर पुरता गरम होत नाई, जाळणं अर्धवट राहते, परत सुरू होते, परत अर्धवट. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग मोकळ्या रस्त्यावर न्या. लाइट लागला आणि जाळणं चालू असलं तर तिथंच गाडी बंद करू नका.

उतारावर न्यूट्रल मारणे बंद करा. जुन्या गाड्यांची सवय आहे सगळ्याची, मलाही होती. आताच्या इंजिनमधे गिअरमधे राहून पाय काढला की डिझेल पूर्ण कट होते, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनला चालू राहायला डिझेल लागतेच. म्हणजे चिखलदऱ्याच्या घाटात न्यूट्रल मारून जीवही धोक्यात आणि डिझेलही जास्त. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या लाइनीत उभं असतांना इंजिन चालू ठेवू नका, तासाला अर्धा ते एक लिटर उगीच जाते.

आता भाड्याचा हिशोब, ज्याच्यासाठी हे सगळं. गावावरून हिंगणघाटला कापूस नेला, मला जायला १२५ आणि यायला १२५. भरलेली ११, रिकामी १६. लोक इथं ११ अधिक १६ भागिले दोन साडेतेरा धरतात, हे चूक. लिटर वेगळे काढा: जातांना ११.४, येतांना ७.८, टोटल १९.२ लिटर, म्हणजे एव्हरेज पडलं १३. डिझेल ९० नं धरलं तर १७२८ रुपये. १७ च्या हिशोबानं मी १४.७ लिटर, १३२३ रुपये धरत होतो. खेपेला ४०० रुपये मी शेतकऱ्याला फुकट देत होतो, ४० खेपांचे १६ हजार झाले, आणि हमाली, टोल, चहापाणी वेगळं. परतीचा माल पक्का नसेल तर रिकामं येणं भाड्यात धरायचंच. कोणी म्हणालं "भाऊ, दुसरा तं कमी घेते", तर त्याला डायरी दाखवतो. अर्धे लोक मानतात, अर्धे दुसऱ्याची गाडी लावतात, चालते.

डायरीत तारीख, किलोमीटर, लिटर, माल कोणता, काट्याच्या पावतीवरचं वजन आणि साधारण स्पीड एवढंच लिहा, जास्त रकाने केले की आठव्या दिवशी लिहिणं बंद होते. डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हानं पानं वाकडी होतात. मी सनव्हायझरला रबर लावून ठेवतो, आणि पेन दोऱ्यानं बांधलेला आहे, कारण बिनदोऱ्याचे तीन पेन जिनिंगवर हमालांनी नेले.