फ्लाइट डिस्पॅचर व्हायचंय? कोर्सची फी भरण्याआधी हे तपासा

जुलैतली संध्याकाळ. दिल्लीच्या विमानतळावर मुंबईच्या विमानात प्रवासी बसू लागलेत आणि इकडे मुंबईत पाऊस असा कोसळतोय की धावपट्टी धड दिसत नाही. मुंबईवर वीस मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं जादा इंधन घ्यायचं की चाळीस मिनिटांचं? उतरता आलंच नाही तर अहमदाबादला वळवायचं की नागपूरला? आणि तिथेही ढग दाटले असतील तर? वैमानिक कॉकपिटमध्ये बसण्याआधी ही सगळी आकडेमोड करून त्याच्यापुढे तयार प्लॅन ठेवणारा माणूस म्हणजे फ्लाइट डिस्पॅचर. प्रवाशांना तो कधी दिसत नाही. अमेरिकेत मात्र उड्डाणाच्या नियोजनाची जबाबदारी कायद्यानेच कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांवर मिळून टाकलेली आहे.

काम बुद्धीचं आहे, वैमानिकासारखी कडक वैद्यकीय तपासणी नाही, चष्मा चालतो. त्यामुळे बारावी सायन्स झालेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना या कोर्सच्या जाहिराती भुरळ घालतात. त्या जाहिरातींत सहसा न लिहिलेली गोष्ट आधीच सांगतो: भारतात नुसता कोर्स करून कोणी डिस्पॅचर होत नाही. विमान कंपनी तुम्हाला नोकरीवर घेते, स्वतःचं प्रशिक्षण देते, अनुभवी डिस्पॅचरच्या शेजारी बसवून काम करून घेते, मग तुमचं नाव डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे जातं आणि तिथल्या कसोटीतून पार पडलात की मंजुरी मिळते. क्लास लावला, परीक्षा दिली आणि लायसन्स खिशात घालून बाहेर पडलो, असं इथे होत नाही. कोर्स निवडताना हे डोक्यात पक्कं असेल तर निम्म्या चुका टळतात.

१. हा ‘डिस्पॅच’ नक्की कुठला?

या शब्दाने बराच घोळ घातला आहे. ब्रिटनमधल्या विमानतळांवर विमानाच्या पायथ्याशी उभं राहून सामान, इंधनाची गाडी, जेवणाचे ट्रे आणि प्रवासी यांचा मेळ घालणाऱ्यालाही डिस्पॅचर म्हणतात. विमानातल्या वजनाची विभागणी पाहणारा लोड कंट्रोलर वेगळा, मालवाहतुकीचा डिस्पॅच आणखी वेगळा. यातलं कुठलंच काम कमी दर्जाचं नाही, पण तुम्हाला उड्डाण-नियोजन करायचं असेल तर अभ्यासक्रम हातात घ्या आणि त्यात इंधनाची गणितं, हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, नोटॅम (बंद धावपट्टी, बंद हवाई हद्द अशा बदलांच्या वैमानिकांसाठीच्या सूचना), विमानाची कामगिरी आणि एमईएल, म्हणजे कोणतं उपकरण बंद असताना विमान नेता येतं त्याची यादी, हे विषय शोधा. त्याऐवजी ‘ग्रूमिंग’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ आणि ‘तिकीट आरक्षण’ दिसलं तर तो ग्राउंड स्टाफचा कोर्स आहे. नाव काहीही असो.

२. आठ दिवस घरी करून पाहा

यासाठी एक रुपयाही लागत नाही. मोठ्या विमानतळांचा हवामान अहवाल, मेटार, इंटरनेटवर फुकट मिळतो. मुंबईचं सांकेतिक नाव व्हीएबीबी, दाबोळीचं व्हीओजीओ, नागपूरचं व्हीएएनपी. सोबत टॅफ नावाचा अंदाजही असतो. त्यातल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात; आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवायचे.

आता रोज संध्याकाळी सात वाजता ठरवा: आज रात्री नऊला दिल्लीहून सुटलेलं विमान मुंबईत उतरेल का, नाही उतरलं तर कुठे जाईल, आणि का? वहीत लिहा. अकरा वाजता पुन्हा मेटार उघडा आणि आपण कुठे चुकलो ते पाहा. आठव्या दिवशी अकरा वाजायची वाट पाहत असाल तर पुढे जा. कंटाळा आला असेल तर फी वाचली. खऱ्या नोकरीत हेच काम रात्रपाळीत, पहाटे तीनला, एका वेळी अनेक विमानांसाठी करायचं असतं. झोपेचं तंत्र नाजूक असणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

३. नोकरी कुठे करायची ते ठरवा, मग कोर्स

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो, म्हणून थोडं सविस्तर.

भारतात काम करायचं असेल तर मार्ग विमान कंपनीतूनच जातो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत डिस्पॅचरचं किमान वय २१ आहे आणि अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत कामाचे ९० दिवस कोणाच्या तरी देखरेखीखाली भरलेले असावेत अशी अपेक्षा आहे. हे दिवस क्लासरूममध्ये भरत नाहीत, त्यासाठी चालू विमान कंपनीचं टेबलच लागतं. म्हणजे देशातल्या खासगी कोर्सचा खरा उपयोग एवढाच: मुलाखतीत आणि कंपनीच्या प्रशिक्षणात तुम्ही चाचपडत नाही. तेवढ्यासाठी किती पैसे मोजायचे, ते ज्याने त्याने ठरवावं. आणखी एक व्यवहारी गोष्ट. इंडिगो आणि एअर इंडिया या दोन्ही मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं गुरुग्रामला आहेत. त्यामुळे ‘मुंबई विमानतळाजवळचा क्लास म्हणजे मुंबईत नोकरी’ हे गणित जुळेलच असं नाही.

अमेरिकेचा रस्ता उलटा आहे. तिथे एफएए, म्हणजे तिथली सरकारी विमान वाहतूक नियामक संस्था, व्यक्तीला थेट प्रमाणपत्र देते. मान्यताप्राप्त कोर्स किमान २०० तासांचा असतो आणि पूर्णवेळ केला तर पाच-सहा आठवड्यांत संपतो. लेखी परीक्षेत ८० प्रश्न, तीन तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. त्यानंतर परीक्षकासमोर तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. परीक्षेला २१ व्या वर्षी बसता येतं, पण प्रमाणपत्र हाती पडतं ते २३ पूर्ण झाल्यावर. मान्यता असलेल्या शाळांची यादी एफएएच्या संकेतस्थळावर आहे. जाहिरातीतलं नाव तिथे नसेल तर विषय संपला. भारतात किंवा दुबईत बसून ‘एफएए कोर्स’ विकणाऱ्यांना एवढंच विचारा: मान्यता कोणत्या शाळेच्या नावावर आहे, प्रात्यक्षिक परीक्षा कुठे होईल आणि तिची फी यात धरली आहे का?

हे प्रमाणपत्र मिळालं म्हणून अमेरिकेत काम करायचा परवाना मिळत नाही. व्हिसाचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. ते घेऊन भारतात परतलात तरी कंपनीचं प्रशिक्षण आणि डीजीसीएची मंजुरी चुकत नाही. नियमही वेगळे. अमेरिकेच्या देशांतर्गत उड्डाणात ४५ मिनिटांचं राखीव इंधन शिकवतात. आपल्याकडे जेट विमानाला १,५०० फुटांवर ३० मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं अंतिम राखीव इंधन, शिवाय प्रवासाच्या इंधनाच्या साधारण ५ टक्के आकस्मिक खर्चासाठी, असा हिशेब चालतो. अमेरिकेत पोहोचण्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढगांचा तळ २,००० फुटांवर आणि दृश्यता तीन मैल असेल तर पर्यायी विमानतळ न धरताही देशांतर्गत विमान सोडता येतं. ही सवय इथे घेऊन आलात तर मुलाखतीतच अडखळाल. पाया पक्का होतो हे खरं, पण भारतात नोकरी करायची असेल तर हा पाया महागात पडतो, असं माझं मत.

आखाती देशांचं वेगळंच. कोकणात आणि गोव्यात घरटी कोणीतरी तिकडे असतं आणि ‘इकडे ये, बघू’ असं सांगतं. तिथल्या विमान कंपन्या डिस्पॅचर घेतात, पण बहुतेक जाहिरातींत अनुभव मागतात. नवख्याने आधी भारतात दोन-तीन वर्षं काढावीत आणि मग अर्ज करावा. युरोपात तर सगळ्या देशांत चालेल असं एकच डिस्पॅचर लायसन्स नाही. तेव्हा ‘युरोपियन लायसन्स’ देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

४. संस्थेत गेल्यावर

शिकवणारी व्यक्ती स्वतः डिस्पॅचच्या टेबलावर बसलेली आहे का, हे पहिलं विचारा. निवृत्त वैमानिक उत्तम शिकवतात, केबिन क्रूमधून आलेलेही काही विषय छान समजावतात, पण पन्नास नोटॅममधली आपल्या विमानाची नेमकी एक कशी उचलायची हे त्यातूनच गेलेल्या माणसाकडून शिकावं. दुसरं, पूर्ण फ्लाइट प्लॅन कागद-पेन्सिलीने करून घेतात का? सॉफ्टवेअर कंपनीत गेल्यावर महिन्याभरात अंगवळणी पडतं. हाताने न केलेल्याला मात्र सॉफ्टवेअरने दिलेला चुकीचा आकडा ओळखू येत नाही.

मी सुचवतो तो एक प्रश्न शिक्षकांना विचाराच. फेब्रुवारी २०१९ अखेरीस पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. त्यानंतर मार्चमध्ये इंडिगोची दिल्ली–इस्तंबूल सेवा सुरू झाली आणि ती विमानं इंधनासाठी दोह्याला थांबत होती. का? चांगला शिक्षक फळ्याकडे वळेल: अरबी समुद्रावरून पडणारा वळसा, लहान बांध्याच्या विमानाची टाकी, पश्चिमेकडे जाताना समोरून येणारा वारा, आणि प्रवासी कमी करायचे की मध्ये उतरायचं यातला हिशेब. पंधरा मिनिटं सहज बोलेल. एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ती हद्द पुन्हा बंद झाल्यावर हा प्रश्न जुना राहिलेला नाही. ‘ते पुढच्या मॉड्यूलमध्ये येईल’ असं उत्तर आलं तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

एका तासाला मागच्या बाकावर बसू देता का, हेही विचारा. ऑनलाइन कोर्स असेल तर शंका विचारायला जिवंत माणूस आहे की नुसत्या रेकॉर्ड केलेल्या चित्रफिती, ते पाहा. हवामानशास्त्र चित्रफितींवर जमतं, इंधनाचं गणित बहुतेकांना जमत नाही.

‘डीजीसीए मान्यताप्राप्त’ अशी पाटी असेल तर मान्यतेचं पत्र मागा आणि ती नेमकी कशाला आहे ते वाचा. वैमानिक प्रशिक्षणाची किंवा विमान देखभाल अभियंत्यांच्या कोर्सची मान्यता असते आणि तिच्या सावलीत बाकीचे दहा कोर्स विकले जातात.

५. पैसे आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’

माझ्या ओळखीतल्या एका मुलाने अशाच आश्वासनावर वडिलांची मुदत ठेव मोडायला लावली. सहा महिन्यांनी त्याला नोकरी लागली, चेक-इन काउंटरवर. संस्थेच्या दृष्टीने आश्वासन पाळलं गेलं होतं, कारण फॉर्मवर ‘विमान क्षेत्रातील नोकरी’ एवढंच छापलेलं होतं आणि सही त्याचीच होती. तेव्हा फॉर्मवरचं पद वाचा. फी हप्त्यांत घेतात का, मध्येच सोडलं तर किती परत, हे लेखी घ्या. पावतीवर कोर्सचं पूर्ण नाव हवं.

संस्था स्वतः ज्या माजी विद्यार्थ्यांची नावं देते त्यांच्यापुरतं थांबू नका. लिंक्डइनवर संस्थेचं नाव टाकून शोधा आणि त्यांतले किती जण आज विमान कंपनीच्या ऑपरेशन्स कंट्रोलमध्ये आहेत ते मोजा. दोघा-तिघांना नम्रपणे निरोप टाका. रात्रपाळीतली माणसं पहाटे उत्तर देतात, घाबरू नका.

६. फी भरायच्या आदल्या दिवशी

विमान कंपन्यांच्या संकेतस्थळांवर नोकऱ्यांचं पान उघडा आणि ‘ट्रेनी फ्लाइट डिस्पॅचर’ किंवा ‘फ्लाइट ऑपरेशन्स’ असं शोधा. पात्रतेत काय लिहिलंय ते शब्दशः उतरवून घ्या. बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित, पदवी, इंग्रजी यांपलीकडे काही मागितलेलं नसेल आणि प्रशिक्षण कंपनीच देणार असेल, तर आधी तिथे अर्ज करा. वैमानिकाचं लायसन्स असलेली, पण नोकरी न मिळालेली मुलंही याच रांगेत असतात, म्हणून पहिल्या खेपेला नकार आला तर खचू नका. मुलाखतीत कुठे अडलात ते त्याच दिवशी घरी येऊन लिहून ठेवा: हवामान, इंधन, नियम की इंग्रजी. मग तेवढाच भाग शिकवणारा छोटा कोर्स शोधा. तो मोठ्या पॅकेजपेक्षा बराच स्वस्त मिळतो.