सिमेंटचे पत्रे उतरवण्याआधीची तयारी

पहिल्या नटाला पाना लावायच्या आधी एक प्रश्न सुटलेला हवा: उतरवलेले पत्रे जाणार कुठे? बहुतेक घरांत हा प्रश्न सगळ्यात शेवटी पडतो, पत्रे अंगणात भिंतीला टेकवून झाल्यावर. मग ते गोठ्यावर चढतात, न्हाणीचा आडोसा होतात, नाहीतर फोडून रस्त्याच्या खड्ड्यात भराव म्हणून पडतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉस या खनिजाचे घातक तंतू असतात; त्यांच्या ज्या धुळीपासून वाचायचं होतं, ती पुढची कित्येक वर्षं घराभोवतीच राहते. म्हणून ही यादी शेवटाकडून सुरू केली आहे.

नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या घनकचरा विभागाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयाला लेखी विचारा. पत्रे किती, लांबी किती, अंदाजे वजन किती, हे अर्जातच लिहा. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत टाकाऊ अ‍ॅसबेस्टॉसची नोंद आहे, आणि असा कचरा घेणारी सामायिक केंद्रं राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. तुमचा माल केंद्र थेट घेईल की पालिकेमार्फत, बांधणी कशी हवी, दर काय, याची उत्तरं हातात येईपर्यंत मिस्त्रीला तारीख देऊ नका. भंगारवाला ‘घेऊन जातो’ म्हणाला, तरी ते उत्तर धरू नका. तो पत्रा विकेल किंवा फोडेल, म्हणजे धूळ फक्त दुसऱ्याच्या दारात जाईल.

वजनाचा हिशोब सोपा आहे. नालीदार पत्रा साधारण ६ मिलिमीटर जाड आणि १.०५ मीटर रुंद असतो. दहा फुटी पत्रा चाळीस किलोच्या थोडा वर भरतो. तीस फूट लांबीचं दुपाखी घर, प्रत्येक पाख्यावर एकेक दहा फुटी पत्रा धरला, तर नऊ आणि नऊ अठरा पत्रे, शिवाय आढ्यावरची रिज. म्हणजे पाऊण टनाहून जास्त. गाडी ठरवताना वजनापेक्षा हौद्याची लांबी पाहा. छोटा हत्ती सात-साडेसात फुटांचा; त्यात दहा फुटी पत्रा मावत नाही, आणि न मावणारा पत्रा माणसं पायाखाली घालून मधोमध मोडतात. दहा फुटांहून लांब हौद्याची गाडीच सांगा.

एवढी काळजी का, तेही काम करणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. पत्र्याच्या वजनात साधारण दहावा हिस्सा अ‍ॅसबेस्टॉसचे तंतू असतात. अख्ख्या, रंगवलेल्या पत्र्यात ते सिमेंटमध्ये अडकलेले असतात. पत्रा कापला, भोक पाडलं, घासला, फोडला की ते सुटतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू हवेत तासन्‌तास तरंगतात, श्वासावाटे फुप्फुसात खोल जातात आणि तिथून सहज निघत नाहीत. त्यातून फुप्फुस कडक होणारा अ‍ॅसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, होतो. आजार बहुधा वीस-तीस-चाळीस वर्षांनी उमटतो, म्हणून ‘आम्ही आयुष्यभर पत्रे कापले, काही झालं नाही’ या वाक्यावर विसंबू नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

पत्र्यात अ‍ॅसबेस्टॉस आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. लोखंडी पत्र्याला चुंबक चिकटतं, फायबरच्या पत्र्यातून उजेड येतो, ते दोन्ही बाजूला काढा. जुना करडा सिमेंटचा पत्रा मात्र तपासणी होईपर्यंत अ‍ॅसबेस्टॉसचाच माना. नमुना घ्यायचाच असेल तर आधीच तुटलेल्या कडेपाशी पाणी मारा, पकडीने रुपयाएवढा तुकडा तोडा, दोन पिशव्यांत बंद करा आणि तुटलेल्या कडेला रंग लावा. हेही मास्क लावूनच. छपराखेरीज पावसाळी पाण्याचे जुने करडे पाइप, संडासाचा वाऱ्याचा पाइप, जुनी सिमेंटची टाकी, सपाट पत्र्याची पार्टिशन हेही मोजून घ्या. कामाच्या दिवशी आठवतात ते हेच, आणि तेव्हा हातात ग्राइंडर असतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पत्रा धड असेल, गळत नसेल, खालून भुगा पडत नसेल, तर तो उतरवलाच पाहिजे असं नाही. त्याला भोकं न पाडता, ब्रशने न घासता, दोन हात बाहेरचा रंग देऊन तो ठेवता येतो. घाईने, कोरडा, फोडून उतरवलेला पत्रा जागेवर असलेल्या धड पत्र्यापेक्षा जास्त घातक असतो. तडे गेले असतील, कडा भुसभुशीत झाल्या असतील किंवा घर पाडायचंच असेल, तर मात्र उतरवा.

वेळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची धरा. मे महिन्यात सगळ्या गावाला एकदम छप्पर आठवतं, मिस्त्री तीन घरं अंगावर घेतो आणि मग पत्रे वरूनच फेकले जातात. काम सकाळी, वारा पडलेला असताना करा.

सामानाची यादी चार माणसांच्या एका दिवसाच्या कामाची देतो. अर्धा चेहरा झाकणारे रबरी मास्क चार, प्रत्येकाला पी-१०० दर्जाच्या (अगदी बारीक कण अडवणाऱ्या) फिल्टरची जोडी. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही, आणि एन-९५ सुद्धा या कामासाठी पुरेसा धरू नये. दाढी वाढलेली असेल तर रबर चेहऱ्याला बसत नाही, फटीतून हवा आत येते. टोपीसकट एकदाच वापरायचे अंगरखे दहा. जेवणाच्या सुट्टीत बदलावे लागतात आणि एखादा फाटतोच. रबरी हातमोजे, नाड्या नसलेले गमबूट. पाठीवरचा फवारणी पंप एक, पण औषध मारलेला नको. प्लॅस्टिक किमान १५० मायक्रॉनचं: बांधणीसाठी सुमारे दीडशे चौरस मीटर, जमिनीवर अंथरायला वेगळं. रुंद चिकटपट्टीचे आठ-दहा रोल, जाड पिशव्या, चिंध्या, बादल्या, आणि बांधणीखाली ठेवायला लाकडी पट्ट्या.

यापेक्षाही आधी परांची ठरवा. पत्र्याची धूळ वीस वर्षांनी मारते, पत्र्यावरून पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसला तरी माणसाचं वजन पेलत नाही, बोल्टच्या रेषेवरही नाही. जमेल तिथे खालून परांचीवर उभं राहून काम करा. वर जावंच लागलं तर किमान तीन पर्लिनवर (पत्र्यांखालच्या आडव्या आधारांवर) टेकणाऱ्या रुंद फळ्या, पूर्ण अंगाचा सेफ्टी बेल्ट भक्कम आधाराला अडकवलेला, आणि खाली जाळी.

आदल्या दिवशी घर रिकामं करा. गाद्या, कपडे, धान्य, भांडी बाहेर न्या किंवा प्लॅस्टिकने झाका. फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या वर जुनी धूळ साचलेली असते. ते ओलं करूनच उतरवा आणि पत्र्यांच्या कचऱ्यातच धरा. विजेचा मेन बंद करा, पर्लिनवरून गेलेल्या वायरी मोकळ्या करा. विहीर आणि टाकी झाका, पन्हळीचा टाकीकडे जाणारा पाइप काढा. शेजाऱ्यांना दिवस आणि वेळ सांगा, म्हणजे ते खिडक्या लावतील आणि वाळवण बाहेर ठेवणार नाहीत. मुलं, म्हातारी माणसं, गुरं त्या दिवशी दुसरीकडे.

काम सुरू करताना दहा लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घाला. साबणामुळे पाणी पत्र्यावरून नुसतं ओघळत नाही, आत मुरतं. बारीक फवारा मारा, दोन्ही बाजूंनी, आणि पंधरा मिनिटं थांबा. जोरदार पाण्याची मशीन अजिबात नको. ती पत्र्याचा पापुद्राच सोलते आणि सगळ्या भिंतींवर उडवते. फळ्या ओल्या झाल्या की घसरतात, तेवढं लक्षात ठेवा.

आधी रिज काढा, मग पत्रे बसवले होते त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे ज्याची कड वर आहे तो आधी. खरी अडचण गंजलेल्या जे-बोल्टची, म्हणजे पत्रा पर्लिनला धरून ठेवणाऱ्या आकड्यासारख्या बोल्टची असते. नट फिरत नाही, मग कोणीतरी पत्र्यावर हातोडा घालतो. आदल्या दिवशी प्रत्येक नटाला गंज सोडवणारं तेल मारा. तरीही फिरला नाही, तर लांब दांड्याच्या कटरने हूक खालून कापा. ग्राइंडर नको, कारण पातं पत्र्याला लागलं की धुरळा उठतोच. बोल्ट निघाला की भोकाभोवती पुन्हा फवारा. पत्रा दोघांनी किंवा चौघांनी उचलून हातोहात खाली द्यायचा. ओढायचा नाही, फेकायचा नाही.

खाली लाकडी पट्ट्यांवर प्लॅस्टिक अंथरलेलं असू द्या. क्रेन नसेल तर दोन-दोन पत्र्यांचीच बांधणी करा. ती ऐंशी किलोंवर जाते, चौघं उचलू शकतात. सहा पत्र्यांची केली तर ती जागची हलणार नाही. प्लॅस्टिकचे दोन थर, प्रत्येकाच्या कडा चिकटपट्टीने बंद, बाहेर ठळक अक्षरांत ‘अ‍ॅसबेस्टॉस, फोडू नये’. तुकडे, डांबरी वायसर, वापरलेले अंगरखे, चिंध्या हे सगळं दुहेरी पिशवीत, त्याच गाडीत.

झाडू मारू नका आणि घरचा व्हॅक्यूम लावू नका; दोन्ही तंतू परत हवेत उडवतात. पर्लिन, भिंतींचे माथे, वळचणीखालची जमीन ओल्या चिंध्यांनी पुसा, चिंधी बादलीत पिळून परत वापरू नका, सरळ पिशवीत टाका. पन्हळीतला गाळ ओला असतानाच खुरप्याने काढा, त्यात वर्षानुवर्षं झिजलेले तंतू असतात. अंगरखा आतली बाजू बाहेर करत गुंडाळून काढायचा, मास्क सगळ्यात शेवटी, मग तिथेच आंघोळ. कामाचे कपडे घरी धुवायला नेऊ नयेत. अ‍ॅसबेस्टॉस कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत.

नवं छप्पर घेताना दुकानात ‘सिमेंटचा पत्रा’ एवढंच म्हणू नका. आपल्याकडे अ‍ॅसबेस्टॉसचं खाणकाम थांबलं, पण आयात आणि त्यापासूनच्या पत्र्यांची विक्री चालू आहे. ‘नॉन-अ‍ॅसबेस्टॉस’ हे पत्र्यावर आणि बिलावर दोन्हीकडे लिहिलेलं पाहा, किंवा रंगीत लोखंडी पत्रा अथवा कौल घ्या. टाकीचा पाइप जोडण्याआधी पन्हळ पुन्हा धुवा आणि पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी टाकीत न घेता वाहून जाऊ द्या.