लाईट आल्या आल्या वॉशिंग मशीन चालू करू नका

पावसाळ्यात लाईट ये-जा करते आणि ऑटोमॅटिक मशीनचं पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, उडतं, मग मेकॅनिक म्हणतो अख्खा बोर्डच बदला. सोपा उपाय आहे.

१) लाईट गेली की भिंतीवरचं बटण लगेच बंद करायचं, मशीनवरचं नाही हं, आणि लाईट आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मगच चालू करायचं, कारण झटका बहुतेक लाईट येतानाच बसतो.

२) इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण, बसवून घ्या, आणि अर्थिंग पण तपासून घ्या, ते नसेल तर प्रोटेक्टर अर्धवटच काम करतो. व्होल्टेज सतत कमी-जास्त होत असेल तर स्टॅबिलायझर वेगळा लागतो.

३) नवीन घेणार असाल तर शोरूमवाल्याला नाही, गल्लीतल्या रिपेअरवाल्याला विचारा की कुठल्या कंपनीचा बोर्ड आपल्याकडे पटकन मिळतो. गावाकडे लाईटचा फारच खेळखंडोबा असेल तर माझ्या मते सरळ साध्या टायमरवाली सेमी ऑटोमॅटिक घ्या, चावीच्या घड्याळासारखा करकर फिरतो तो टायमर, त्यात जळायला बोर्डच नसतो.

फक्त एक, हीटरवालं मशीन साध्या ६ अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात लावू नका, २००० वॅटचा हीटर ९ अँपिअरच्या आसपास करंट खेचतो, प्लग वितळतो.